दोन तासांचं अंतर

शायनी सिस्टर सकाळी साडेसहाला रक्त काढते.
"मुठ्ठी बंद करो, अंकल."
मूठ वळली की मनगट दिसतं.
घड्याळाच्या पट्ट्याला हल्ली मीच भोकं पाडतो
गोडाऊनमधल्या टोच्याने.

एकशे एकतीस किलोंचा मी
दोन वर्षांत चौऱ्याऐंशीवर आलो.
मंगाफच्या बकाल्यातल्या इब्राहिमने मला ओळखलं नाही,
माझी उधारी तेवढी ओळखली.

डॉक्टर फौजिया कागदावर आतडं काढतात.
हा जुना रस्ता, हा नवा.
मला आमचं गाव दिसतं:
हायवे बाहेरून गेला
आणि स्टँडसमोरच्या भजीवाल्याची कढई निवली.
गाड्या भरून धावतात, थांबत कुणी नाही.
माझ्या पोटातही तसं एक वीतभर गाव आहे,
दुधातला, नाचणीतला चुना उतरवून घेणाऱ्या हमालांचं.
हमाल अजून उभेच आहेत.

रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल.
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
पेनाचं टोक खालच्या ओळीवर टेकलं:
पॅराथायरॉइड हार्मोन, एकशे अठरा.
पासष्टच्या आत हवं.

गळ्यात चार दाणे, तांदळाएवढे.
बावन्न वर्षं मला पत्ता नव्हता.
रक्तात तूट आली की ते हाडांच्या दारात जाऊन बसतात,
आज थोडं द्या, उद्या थोडं द्या,
आणि हाडं देतात.
म्हणून वरची ओळ नॉर्मल.

हे गणित मला कुणी शिकवायला नको.
बावीस वर्षं, दर महिन्याच्या पाच तारखेला
फहाहीलच्या एक्स्चेंजमध्ये रांगेत उभा राहून
मीही एक ओळ नॉर्मल ठेवली.
मृण्मयीची फी, स्लॅब, मेहुण्याचं ऑपरेशन.
कुठून काढले, कुणी विचारलं नाही.
हाडाची काडं केली, असं म्हणायची पद्धत आहे.
स्कॅनवर ती काडं पहिल्यांदा पाहिली,
कमरेपाशी विरलेलं जाळं,
होडीत कुणी विसरून गेल्यासारखं.

आणि ऊन? ऊन इथे पन्नास अंश.
काळ्या काचेच्या पलीकडे.
डी व्हिटॅमिन अकरा.
अबू नासेरचंही पोट याच डॉक्टरांनी कापलं.
तो म्हणतो, अख्खा सूर्य आमचा, हबीबी,
आणि आपण दोघं ऊन गोळीतून खातो.

आमची चुन्याची भट्टी होती, खाडीकडेला.
बाबा शिंपले भाजायचे, वाडी पांढरी व्हायची,
आई चमचाभर निवळी पाजायची, नाक दाबून.
आता सायट्रेटची गोळी.
दुसरी स्वस्त असते, पण तिला विरघळवण्याइतकं आम्ल
या उरल्यासुरल्या पोटात नाही.
एका वेळी पाचशे, जास्त घेतली तर वाया.
आणि लोहाची गोळी तिच्याजवळ आणायची नाही.
एका उंबऱ्यावर दोन जावा,
कुणीच धड आत जात नाही.
मध्ये दोन तास ठेवायचे.

घर आणि मी, आमच्यात अडीच.
इथे नऊ, तिथे साडेअकरा, हेमा जागी.
"जेवलात?"
जेवलो. चार चमचे डाळ-भात.
"रिपोर्ट काय म्हणतो?"
मी म्हणणार होतो, नॉर्मल.
तोंड उघडलंही होतं.
मग खालची ओळ वाचून दाखवली.

बराच वेळ तिच्याकडच्या पंख्याचा आवाज.
"किती पाहिजे म्हणाल्या?"
जसं आजवर फक्त पैशांबद्दल विचारायची.
पासष्टच्या आत.
"मग वरचा मजला राहू दे," ती म्हणाली,
"आहे तेवढ्यात मावतो आपण."

मोबाइलचा गजर वाजला.
"कसला?"
लोहाचा.
"घ्या. आहे मी फोनवर."